मिशाळ

आमच्या दादाला लाज फार लवकर वाटते. दुसऱ्यांना सर्दी होते तशी त्याला लाज होते; वारा कुठून लागला ते कळत नाही आणि हा आठवडाभर तोंड लपवून बसतो. लहानपणी बाबा बसमध्ये कंडक्टर होते आणि आमच्या शाळेच्या रस्त्यावर त्यांचीच बस असायची. मी त्या बसमध्ये राणीसारखी चढायचे. दादा मागच्या बसची वाट बघत थांबायचा. बाबा "पुढे सरका, पुढे जागाच जागा आहे" असं खच्चून ओरडायचे, ते त्याच्या मित्रांनी ऐकलेलं त्याला चालायचं नाही. मी तक्रार करत नाहीये. एकेकाचा पिंड असतो.

मोठा झाल्यावर दादा अक्षरं काढायला लागला. संगणकावर बटण दाबलं की जे अक्षर उमटतं, ते कोणीतरी बसून आखलेलं असतं, हे तो त्या कामाला लागेपर्यंत मलाही माहीत नव्हतं. अ पासून ज्ञ पर्यंत सगळी अक्षरं, काने, मात्रा, जोडाक्षरं, आकडे, साधा स्वल्पविरामसुद्धा. एकेका फाँटमागे वर्ष निघून जातं. मी पडदे आणि उशांचे अभ्रे शिवते. माझं काम सकाळी हातात घेतलं की संध्याकाळी कुणाच्या तरी खिडकीला लागतं. त्याचं काम कुठे जाऊन लागेल ह्याचा काही नेम नसतो, आणि सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

तो ज्या कंपनीत होता, तिथे त्याला एक फाँट करायला सांगितला होता. जुन्या जमान्यातला वाटेल असा, दुकानांच्या पाट्यांना, लेबलांना शोभेल असा. दादा जुने डबे, जुन्या बाटल्या धुंडाळत फिरला आणि शेवटी माझ्या खोलीत येऊन बसला. माझी शिवणाची मशीन आईची आहे. तिच्या काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी आहे, हाताखालची झिजून गेलेली, मागची अजून झगझगीत. त्याने तिच्यावर पातळ कागद धरला आणि पेन्सिलने ती गिरवून घेतली. मला दोन दिवस शिवू दिलं नाही. त्या वेलबुट्टीतून त्याने अक्षर उभं केलं. जाड पोट, बारीक कंबर, पोटात एक पांढरी रेघ, उजव्या अंगाला सावली. आणि शब्द लिहिला की त्याच्या डोक्यावरच्या रेघेची दोन्ही टोकं वर वळायची, पीळ दिलेल्या मिशीसारखी.

कंपनीने त्याचं नाव ठेवलं 'पिढीजात'. बाबांनी पाहिलं आणि म्हणाले, "अरे, हा तर मिशाळ आहे!" झालं, घरात त्याचं नाव मिशाळ पडलं. दादा तेव्हा खूप हसला होता. ते मला आठवतं, कारण पुढे ह्या विषयावर तो कधी मनापासून हसला नाही.

मिशाळचे दोन प्रकार होते. एक कोरा आणि एक झिजका. झिजक्यात अक्षरांचे जागोजागी टवके उडालेले, रंग पोपडल्यासारखा. कालच उघडलेल्या दुकानाला तो लावला की आजोबा-पणजोबांपासून चालत आल्यासारखं वाटायचं. लोकांना हेच हवं होतं. बघता बघता मिशाळ सगळीकडे दिसायला लागला. जॅमच्या बाटलीवर, मेणबत्त्यांच्या खोक्यावर, लग्नाच्या पत्रिकांवर, न्हाव्याच्या काचेवर. इथवर ठीक होतं. मग एका दातांच्या डॉक्टराने पाटी केली. आत दात उपटतात की राजाचा दरबार भरतो, काही कळेना. मग ढेकूण-झुरळं मारणाऱ्यांची गाडी आली. 'उंदरांचा कायमचा बंदोबस्त' आणि त्याला सोनेरी सावली. एका हॉटेलात मी स्वतः पाहिलं, 'पुरुष' आणि 'स्त्रिया' अशा दोन दारांवर मिशाळ. स्त्रियांनाही मिशा.

अति तिथे माती म्हणतात ना, तसं झालं. दादाच्या धंद्यातली माणसं मिशाळवर हसायला लागली. त्यांच्या सभांमध्ये मिशाळची टिंगल झाल्याशिवाय चहा मिळत नसे म्हणे. कंपनीच्या फाँटवर कंपनीचं नाव असतं, काढणाऱ्याचं नसतं. सुरुवातीला दादाला ह्याचा राग यायचा. पुढे तो ह्याच गोष्टीवर जीव टाकायला लागला. कोणाला माहीत नव्हतं आणि त्याने कोणाला सांगितलं नाही.

आणि इकडे आमचे बाबा.

बाबांना मिशाळ दिसला की ती वस्तू घरी आलीच. त्यांच्या डोक्यावर केस नाहीत आणि दाढी ते रोज सकाळी घोटून करतात. तरी घरात दाढीला लावायच्या तेलाच्या तीन बाटल्या होत्या. कुत्र्याची बिस्किटं आणली, घरात कुत्रा नाही. मी विचारलं तर म्हणाले, "डबा बघ ना! क बघ कसा बसलाय!" आतला माल शेजाऱ्यांना वाटायचे आणि डबा धुऊन, पुसून कपाटावर मांडायचे. झिजक्या मिशाळमध्ये प्रत्येक क ला नेमका एकाच ठिकाणी टवका उडालेला असतो. हे त्यांनी शोधून काढलं होतं आणि त्याचा त्यांना कोण आनंद! "सगळ्या शहरातल्या क ला एकच जखम," म्हणायचे.

पण डबे परवडले, बोलणं नको व्हायचं. दुकानात गेले की बरणी उचलायची, दुकानदारासमोर धरायची. "हे अक्षर बघितलंत? माझ्या मुलाने काढलंय." वाणी, औषधवाला, न्हावी, चपलांचं दुकान, कोणी सुटला नाही. न्हाव्याला तर त्यांनी इतकं सांगितलं की त्याने आपली चांगली-भली पाटी काढून मिशाळमध्ये नवीन करून घेतली. बाबा बोलायला लागले की मी काडेपेट्यांकडे बघत उभी राहायचे. हो, मलाही लाज वाटायची. लाजेवर काही दादाचा एकट्याचा मक्ता नव्हता.

दादा घरी आला की कपाटाकडे पाठ करून बसायचा. "बाबा, टाका ना ते डबे."

"का रे? गंजले नाहीयेत."

ह्याच्या पुढे तो कधी गेला नाही. मला हे आवडत नाही, मला ह्याची लाज वाटते, असं एकदा तोंडाने म्हटलं असतं तर बाबांनी दुसऱ्या दिवशी डबे भंगारात दिले असते. पण आमच्या घरात सगळे बोलके आहेत आणि नेमक्या जागी सगळ्यांचा घसा बसतो.

मग दादाने कंपनी सोडली आणि एक नवं अक्षर हातात घेतलं. पहिलीच्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांसाठी. त्याने मला ते दाखवलं तेव्हा मला त्यात काहीच दिसलं नाही. साधं, स्वच्छ, उभं अक्षर. तसं मी म्हटलं तर तो खुलला. म्हणाला, "काही दिसायलाच नको. मुलाला शब्द दिसला पाहिजे. मी नाही." माझ्या भावाला मी इतक्या आनंदात फार वर्षांनी बघत होते. ते अक्षर घ्यायचं की नाही हे पाठ्यपुस्तकांची समिती ठरवणार होती. आधी वाचनालयाच्या वरच्या दालनात त्याचं प्रदर्शन, मग निर्णय. समितीच्या अध्यक्षबाई मोठ्या जाणकार, आणि त्यांचा शब्द शेवटचा. अक्षर घेतलं तर प्रत्येक घरातलं पोर त्याच्यावर वाचायला शिकणार. नाही घेतलं तर दादाने परत कंपनीत जाऊन मिशा काढायच्या.

प्रदर्शनाचं निमंत्रण आलं. बाबांनी ते मोठ्याने वाचलं. त्यात लिहिलं होतं, 'अक्षरकाराचा आजवरचा प्रवास'.

त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला, मला. "बाबा येणारच. येऊ देत. पण ते डबे आणतील गं."

"मग सांग त्यांना, आणू नका म्हणून."

"तू सांग ना. तुझ्याकडून त्यांना वाईट वाटत नाही."

"म्हणजे वाईटपणा मी घ्यायचा?"

"अध्यक्षबाईंना मिशाळचा किती तिटकारा आहे तुला माहीत नाही. त्यांनी त्याच्यावर लेख लिहिलाय, लेख! प्लीज. एवढं कर."

करते म्हणाले. फोन ठेवून बाहेर आले तर बाबा खिडकीत डबे वाळत घालत होते. झाकणं वेगळी, डबे वेगळे, बाटल्या उपड्या. जवळ माझी जाड कापडाची पिशवी. मी म्हटलं, "बाबा, हे कशाला? तिथे दादाचं नवीन अक्षर आहे."

"अगं, प्रवास म्हटलंय ना पत्रिकेत? मग मधले थांबे गाळून कसं चालेल? लोकांना कळायला नको, गाडी कुठून कुठून आली?"

त्यांनी एका डब्यावर हं करून वाफ सोडली आणि बाहीने पुसला. दादाने माझ्यावर ढकललेलं मी नशिबावर ढकललं आणि स्वयंपाकाला लागले.

प्रदर्शनाच्या दिवशी मी निदान एवढं केलं की दालनात शिरताना पिशवी त्यांच्या हातातून काढून घेतली. "खाली पहारेकऱ्याकडे ठेवू या. हातात ओझं घेऊन काय बघणार तुम्ही?" त्यांना ते पटलं. दादाने लांबून पाहिलं, बाबांचे हात रिकामे, आणि त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. आभार मानले त्याने माझे.

दालन छान सजवलं होतं. भिंतीवर माणसाएवढी मोठी अक्षरं, खाली त्यांच्या जन्माच्या पेन्सिलरेघा. दादाच्या आधीच्या कामाचा एक कोपरा होता. त्यात वर्तमानपत्राचं अक्षर होतं, रेल्वेच्या वेळापत्रकाचे आकडे होते. मिशाळ नव्हता. बाबांनी तो कोपरा नीट पाहिला, परत पहिल्यापासून पाहिला. मग म्हणाले, "विसरला वाटतं." आणि भाषणं सुरू झाली म्हणून आम्ही मागच्या रांगेत बसलो.

अध्यक्षबाई चांगलं बोलल्या. खरंच चांगलं बोलल्या, उगाच कशाला नावं ठेवू? मुलाचं बोट अक्षरावरून कसं फिरतं आणि अक्षराने त्या बोटाला कसं अडवू नये, असं काहीतरी. बाबा टाळ्या वाजवत होते. शेजारच्या माणसाला त्यांनी कोपरही मारलं. आता हे सांगणार, माझा मुलगा, असं मला वाटलं, पण तेवढ्यात चहा आला.

चहाच्या गर्दीत बाबा दिसेनासे झाले. मी दादाजवळ जाऊन उभी राहिले. तो, अध्यक्षबाई आणि समितीतले दोघं-तिघं खिडकीपाशी होते. खिडकीतून समोरचा रस्ता दिसत होता आणि रस्त्यापलीकडे एका नव्या हॉटेलाची पाटी होती. झिजका मिशाळ, पाच फूट उंच.

"ते बघा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "अख्ख्या शहराला मिशा फुटल्यात."

सगळे हसले. दादाही हसला.

"तुमच्या धंद्यातलं आहे, तुम्हाला ठाऊक असेल. कोणाचं हो हे कर्तृत्व?"

दादाला कोणी शपथ घातली नव्हती. कंपनीचं आहे, एवढं म्हटलं असतं तरी खोटं नव्हतं. तो म्हणाला, "कोण जाणे. असेल कोणीतरी हौशी." आणि तेही पुरेसं होतं, बाई दुसरीकडे वळतही होत्या. पण घाबरलेल्या माणसाला गप्प राहणं जमत नाही. तो पुढे म्हणाला, "मी तर ह्याला अक्षर म्हणतच नाही. बाजारू नक्षी आहे ती. ज्याने केलं त्याला लाज वाटायला हवी."

मागे कसलंतरी झाकण टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

बाबा तिथे उभे होते. खाली जाऊन पिशवी घेऊन आले होते आणि आमच्या मागच्याच टेबलाच्या कडेला डबे मांडत होते. तीन-चार मांडून झाले होते, एक हातात होता. दादाने वळून पाहिलं. मला वाटलं, आता तो म्हणेल, हे माझे वडील. कसंही करून म्हणेल.

अध्यक्षबाई त्याच्या आधी बोलल्या. वाईट हेतूने नाही. म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तशा गोड आवाजात. "आजोबा, हे हो काय? हे तुमचे?"

बाबांनी दादाकडे पाहिलं. फार वेळ नाही. गर्दीच्या बसमध्ये कंडक्टर बघतो ना, कोण उतरणार, कोण चढणार, तसं झटकन. मग ते हसले. "हो, माझेच. जमवतो आपलं. रिकामपणाचे उद्योग."

"पण ही असली अक्षरं का जमवता? चांगलं काहीतरी जमवा."

"अक्षरं होय?" बाबा म्हणाले. "अक्षराकडे कोण बघतं, मॅडम! डबे मजबूत असतात. खिळे-बिळे ठेवायला बरे."

परत सगळे हसले. ह्या वेळी दादा हसला नाही.

"कोणाबरोबर आलात तुम्ही?"

"ही काय, मुलगी माझी. तिला हौस आहे असलं बघायची. म्हटलं, चला आपणही."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हो. माझे बाबा." त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं, म्हणून तर ते इतकं सहज म्हणता आलं. मी बाबांची मुलगी झाले आणि दादा त्यांचा कोणी नाही झाला. आणि दादा, माझा भाऊ, पहिलीच्या पोरांची बोटं अडवू नयेत म्हणून वर्षानुवर्षं झिजलेला माणूस, कपातल्या चहाकडे बघत उभा राहिला. मला त्याची लाज वाटली. मग माझी वाटली. सगळ्यात जास्त लाज ह्याची वाटली की बाबांनी ते इतकं छान निभावलं. जणू त्यांना सवयच होती.

त्यांनी डबे एकेक करून पिशवीत भरले. आवाज होऊ नये म्हणून मधे रुमाल घातला.

बसमध्ये बाबा खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर. मीच म्हटलं, "बाबा, दादाला तसं म्हणायचं नव्हतं."

"मग कसं म्हणायचं होतं?" त्यांनी विचारलं. मग तेच म्हणाले, "त्याला काही बोलू नकोस हं तू. त्याचं काम अडायला नको." पुढच्या थांब्यावर माणसं चढली, उतरली. "पण त्याने आधी सांगायला हवं होतं गं. मी इतक्या वर्षांत किती जणांना सांगून बसलो. त्याला शरम वाटते, आणि मी आपला दारोदार दवंडी पिटतोय."

"तुम्ही काही चुकीचं नाही केलंत."

"मुलाची शोभा केली की," बाबा म्हणाले. "आता निस्तरायला हवं."

निस्तरायचं म्हणजे काय, ते मला औषधाच्या दुकानात कळलं. मी खोकल्याचं औषध घ्यायला गेले होते. औषधवाला म्हणाला, "ताई, काका बरे आहेत ना? परवा येऊन म्हणाले, ते अक्षर मुलाचं नाही, माझी चूक झाली, माफ करा. मी म्हटलं, अहो त्यात माफी कसली? तर नाही म्हणे, चुकीचं सांगितलं होतं, कोणाला बोलू नका." मी सुटे पैसे न घेताच बाहेर पडले. न्हाव्याकडेही ते जाऊन आले होते. त्याच्याकडे तर जरा जास्त वेळ बसले, कारण त्याने बिचाऱ्याने पाटी बदलली होती. चपलांच्या दुकानात जाऊन आले. आयुष्यभर ज्यांनी कोणाला एक तिकीट चुकीचं फाडून दिलं नाही, ते आमचे बाबा दुकानादुकानातून स्वतःला खोटारडा ठरवून येत होते. घरी येऊन मी पाहिलं, कपाटाचा वरचा भाग पुसलेला, रिकामा. दाढीच्या तेलाच्या बाटल्यासुद्धा गेल्या होत्या. मी दार लावून घेतलं आणि रडले.

रविवारी दादा आला. समितीने अक्षर घेतलं होतं. हे तो सांगत होता तेव्हा त्याचा आवाज तेरावं उरकून आल्यासारखा होता. बाबांनी मात्र त्याला पाठीवर थाप मारली. "शाब्बास! आता सगळी पोरं तुझं अक्षर गिरवणार." दादाची नजर कपाटावर गेली आणि तिथेच राहिली. इतकी वर्षं तो त्याच्याकडे पाठ करून बसायचा.

"बाबा, त्या दिवशी मी..."

"चहा निवतोय, घे."

"नाही, ऐका ना. मी जे बोललो..."

"अरे, साखर कमी पडली का बघ त्यात. डबा रिकामा झालाय. मी आणतो पटकन." आणि ते चपला घालायला लागलेसुद्धा. बाबांना कोणाचं रडणं बघवत नाही, आणि दादाचा चेहरा त्या बाजूला चालला होता.

"मी येतो," दादा उठला. मीही निघाले. का निघाले? ह्या दोघांना एकत्र सोडवेना म्हणून.

वाण्याचं दुकान कोपऱ्यावर आहे. बाबा त्याच्याकडे अजून गेले नसावेत, हे आम्हाला बघताच त्याने केलेल्या गडबडीवरून कळलं. "काका! या या! तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलंय." गल्ल्याखालून त्याने मधाची एक बाटली काढली आणि लेबल आमच्याकडे करून फळीवर ठेवली. कोरा मिशाळ, सोनेरी, सावलीसकट. मग त्याचं लक्ष दादाकडे गेलं. "हे कोण? मुलगा का तुमचा? अहो, मग सांगायचं ना! साहेब, तुमचं अक्षर आमच्या अर्ध्या दुकानावर आहे बरं का. काकांनी पाठ करून घेतलंय आमच्याकडून."

"नाही, नाही," बाबा म्हणाले. "ते राहिलंच सांगायचं तुम्हाला. ते अक्षर ह्याचं नाही. माझा घोटाळा झाला होता. दुसऱ्या कोणाचं आहे. ह्याचं अक्षर आता मुलांच्या पुस्तकात येणारे."

"माझंच आहे," दादा म्हणाला.

वाणी थांबला.

"माझंच आहे ते. मीच काढलंय." दादाचा आवाज फाटला. मागे उभी असलेली एक बाई वळून बघायला लागली. दादाने तिच्याकडेही पाहिलं आणि तरी आवाज खाली आणला नाही. "हिच्या मशीनवरून काढलं, आईच्या. त्याला मिशाळ म्हणतात, आमच्या बाबांनी नाव ठेवलंय. बाबा, सांगा ना त्यांना."

वाण्याने बाबांकडे पाहिलं. बाबांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते.

"माझ्यासाठी बोलतोय," ते वाण्याला म्हणाले. "मी इतकी वर्षं सांगत होतो ना तुम्हाला. बापाला खोटं पडू द्यायचं नाही त्याला."

"नाही हो, खरंच..." दादा म्हणाला.

"असू दे रे, बाळा. असू दे."

वाणी गोंधळून माझ्याकडे वळला. "ताई, खरं काय ते?"

दादा माझ्याकडे बघत होता. बाबाही बघत होते. दादाचं आहे असं मी म्हणाले तर बाबा दुकानादुकानातून जे सांगून आले, ते एका वेड्या म्हाताऱ्याचं चऱ्हाट ठरणार. आज खोटारडे, उद्या भ्रमिष्ट. नाही म्हणाले तर दादाने आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत लाज सोडून जे म्हटलं, ते मी पुसून टाकणार.

"बाबा सांगतात तेच," मी म्हणाले.

वाण्याने मान डोलवली. त्याला ते मनापासून आवडलेलं दिसलं. "काका, भाग्यवान आहात. असा मुलगा हल्ली कुठे मिळतो?"

दादाने खिशात हात घातला. "ही बाटली द्या मला," तो म्हणाला. त्याला पुढचं काही दिसत नसावं, कारण नोट त्याने फळीवर ठेवायच्या ऐवजी हवेतच धरली होती.

"कशाला उगाच?" बाबा म्हणाले. त्यांनी त्याचा हात हळूच खाली केला आणि वाण्याला म्हणाले, "मध आहे घरात. साखर तेवढी द्या."